गावात राहून गाणी करताय? या चुका टाळा

पोळ्याला पंधरा-वीस दिवस उरले की माझ्याकडे पोरं यायला लागतात. मोबाईलमध्ये स्वतःचं एक गाणं आणि तोंडी एकच प्रश्न, "दादा, पाहा बरं जरा, आवाज असा कायले येऊन राह्यला?" यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात, टिनाच्या छताखाली मी गाणी लिहितो, चाली बांधतो आणि रेकॉर्ड करतो. आवाजाची अडचण बहुतेक वेळा तासाभरात सुटते. जी सुटत नाही ती ही पोरं विचारतच नाहीत, आणि ती म्हणजे हे गाणं नक्की कोणाचं आहे. माझी स्वतःची सर्वात मोठी चूक तिथेच झाली, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मालकी न ठरवता काम सुरू करणं

लॅपटॉपवर बीट बनवणाऱ्याला आपल्याकडे सगळे प्रोड्यूसर म्हणतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातला निर्माता मात्र वेगळा आहे. रेकॉर्डिंग व्हावं म्हणून ज्यानं पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली, तो निर्माता. तुम्ही तीन रात्री जागून गाणं उभं केलंत, पण पुढाकार आणि खर्च तालुक्याच्या एखाद्या दुकानदाराचा असेल, तर त्या रेकॉर्डिंगवर तो हक्क सांगू शकतो. कागद नसेल तर तुम्ही काय दाखवणार?

एका गाण्यात तीन वेगवेगळ्या मालकी असतात. शब्द लिहिणाऱ्याचे, चाल बांधणाऱ्याची आणि रेकॉर्डिंग निर्मात्याचं. एकाच माणसानं तिन्ही केलं तर तिन्ही त्याचं. गडबड इथेच होते, कारण खेड्यात हे काम मित्र, भाऊ, मामेभाऊ मिळून करतात आणि "घरचंच गाणं आहे, कागद कायले पाह्यजे?" असं म्हणून विषय संपतो.

मी कापूसवेचणीवर एक गाणं केलं होतं. शब्द माझे, चाल माझी. बाहेरच्या एका कंपनीनं ते फोनवर मागितलं, मी फोनवरच हो म्हणालो, थोडे पैसे आले. व्हिडिओ आला तेव्हा त्यात माझं नाव कुठेच नव्हतं. ते गाणं पुढे लग्नांच्या वरातींत वाजलं, अजूनही वाजतं, आणि ते माझं आहे हे सांगायला माझ्याकडे एक चिठ्ठीसुद्धा नाही. त्याचं दुःख मला आजही आहे.

आपण सातबारा पाहिल्याशिवाय वावराचा व्यवहार करत नाही. वावर मक्त्यानं देणं वेगळं आणि खरेदीखत करून देणं वेगळं, हे शाळेत न गेलेल्या माणसालाही आपल्याकडे कळतं. गाण्याचंही तसंच आहे. मुदतीपुरतं वापरायला देणं म्हणजे मक्ता, हक्क लिहून देणं म्हणजे खरेदी. कायद्यानं हक्क लिहून द्यायचे तर करार लेखी आणि सहीचा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. म्हणून करारात 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगासाठी' हे शब्द दिसले की तिथे थांबा, घरी न्या, दोन दिवस ठेवा, वकिलाला दाखवा.

२०१२ च्या दुरुस्तीनं एक फार मोठी गोष्ट दिली आहे. गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा त्यांना सोडून देताच येत नाही. तो फक्त वारसांकडे किंवा कॉपीराइट सोसायटीकडे जाऊ शकतो. ही रॉयल्टी गोळा करणारी संस्था म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, १९६९ पासूनची. गीतकार-संगीतकार तिथे सभासद होऊ शकतात. सभासद होऊन आपली गाणी नोंदवली नाहीत तर वाटा कागदावर असूनही हातात येत नाही.

उपाय एका पानाचा आहे. गाण्याची पहिली ओळ, तारीख, शब्द कोणाचे, चाल कोणाची, प्रोग्रामिंग (कॉम्प्युटरवर वाद्यं बसवणं) कोणाचं, गायलं कोणी, पैसे कोणी घातले आणि कोणाचा किती टक्के वाटा. खाली सगळ्यांच्या सह्या, आणि त्या पानाचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर. हे रेकॉर्डिंगच्या आधी करायचं. गाणं चाललं की मग सह्या मागणं म्हणजे भांडण मागणं.

"भजन आहे, सगळ्यांचंच आहे"

विदर्भात खंजिरी वाजली की राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं भजन आलंच. ते आपल्या अंगात भिनलेलं आहे, म्हणून ते कुणीही रेकॉर्ड करून चॅनलवर टाकावं असं वाटतं. पण कवीच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनेवरचा कॉपीराइट कवी गेल्यानंतरही ६० वर्षं राहतो. महाराज १९६८ साली गेले, म्हणजे हिशेब २०२८ च्या अखेरीपर्यंत येतो. वामनदादा कर्डक २००४ साली गेले. त्यांच्या भीमगीतांचा हिशेब २०६४ पर्यंत जातो. जयंतीला चौकात श्रद्धेनं गाणं आणि त्याचं रेकॉर्डिंग करून कमाईला लावणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरं करायचं असेल तर आधी हक्क कोणाकडे आहे ते शोधून परवानगी घ्या.

भुलाबाईची गाणी, पोळ्याच्या झडत्या, महादेवाची गाणी यांना एक कवी नाही, ती कोणीही गाऊ शकतो. तरी दुसऱ्यानं केलेलं त्यांचं रेकॉर्डिंग उचलता येत नाही. आणि एखाद्या आजीनं ओट्यावर बसून तुम्हाला चार कडवी सांगितली असतील तर तिचं नाव द्या, तिला पैसे द्या. कायदा सांगो न सांगो, मी ते सोडत नाही.

शब्द उसने घेणं

नव्या पोरांच्या गाण्यात पहिलं कडवं हिंदी सिनेमाचं, दुसरं पुण्याचं आणि मध्येच एक नागपुरी 'बे' येतो. आपल्या बोलीत लिहायचं तर पूर्ण कानानं लिहा. "मी जातो आहे" या ओळीच्या मात्रा होतात दहा, "मी जाऊन राह्यलो" च्या बारा. चाल वऱ्हाडी ओळीवर बांधली आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी गायकानं 'शुद्ध' करून गायलं, तर दोन मात्रा कुठून भरणार? मग तो एखादा स्वर ओढतो आणि ऐकणाऱ्याला काहीतरी चुकलं एवढंच कळतं. मात्रांचं हे भान आपल्याच मातीत आहे. अमरावतीच्या सुरेश भटांनी नव्या गझलकारांना तंत्र शिकवायला आयुष्यातला बराच वेळ दिला.

दुसरी गोष्ट मला मनापासून टोचते. वऱ्हाडी म्हणजे विनोद, असं आपणच ठरवून टाकलं आहे. ज्या घरात आई डोळ्याला 'डोया' म्हणते त्या घरातलं रडणंही त्याच भाषेत असतं. तुरीला फूल आलेलं असताना धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून कोणी कोणाची वाट पाहत असेल, तर त्याच्या मनातले शब्दही वऱ्हाडीच असतील. तसं प्रेमगीत कोणीतरी लिहायला हवं.

ओळीचा शेवट लांब ओढायचा असेल तर तिथे आ, ए, ओ असा मोकळा स्वर ठेवा. 'दुष्काळ' वर गायकाला थांबता येत नाही, 'माया' वर येतं.

खोली, वीज आणि घूंऽऽ असा आवाज

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. पातळ पुठ्ठा आवाज शोषत नाही, आणि खालचे जाड स्वर तर अजिबातच नाही. आपल्याकडे याहून चांगली वस्तू घरोघरी आहे, कापसाची गादी. दोन गाद्या गायकाच्या पाठीमागे उभ्या करा, कारण माईकचं तोंड तिकडेच असतं. कोपऱ्यांत आणखी गाद्या, टिनाखाली चादरी किंवा घोंगडी ताणून बांधा, विजेच्या तारांपासून दूर. एवढं करूनही खोली घुमत असेल तर कंडेन्सर माईक (खोलीतला बारीक आवाजही टिपणारा) बाजूला ठेवून द्या आणि साधा डायनॅमिक माईक तोंडाजवळ धरून गा.

कंडेन्सरमधून आवाजच येत नसेल तर इंटरफेसवरचं (माईक लॅपटॉपला जोडणाऱ्या पेटीवरचं), माईकला वीज देणारं ४८ व्होल्टचं बटन पाहा. निम्म्या वेळा ते बंद असतं.

उन्हाळ्यात कूलर बंद केल्याशिवाय रेकॉर्डिंग होत नाही आणि कूलर बंद केला की गायक टिकत नाही. मी एप्रिल-मेमध्ये पहाटे चारला काम सुरू करतो. त्या वेळी गावही शांत असतं.

सतत घूंऽऽ असा आवाज येत असेल तर तो विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट असण्याची शक्यता मोठी. लॅपटॉपचा चार्जर काढा. आवाज गेला तर दोष चार्जरच्या किंवा अर्थिंगच्या वाटेनं येतोय. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर लावा. खेड्यातल्या बऱ्याच घरांना अर्थिंग नसतंच, आणि असलं तरी उन्हाळ्यात माती सुकल्यावर ते काम करत नाही. मोटारच्या अर्थिंगला आपण पाणी टाकतो, तसं घराच्याही टाका, आणि वायरमनकडून तपासून घ्या. गुणगुणाट घालवायला प्लगची तिसरी पिन मात्र कधीही तोडू नका. शॉक लागून जीव जाऊ शकतो. स्वस्त इन्व्हर्टरवरही असाच आवाज येतो, तेव्हा लाइन गेल्यावर लॅपटॉपच्या बॅटरीवर काम करा.

गाताना आवाज कानात उशिरा पोचत असेल तर रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधला बफर (आवाज क्षणभर साठवून पुढे पाठवणारी सेटिंग) १२८ वर आणा, मिक्सिंगला पुन्हा ५१२ किंवा १०२४. ब्लूटूथ हेडफोन रेकॉर्डिंगला चालत नाही, तो उशीर करतोच. आणि पातळी लाल दिव्यापर्यंत नेऊ नका. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर आवाजाचं टोक उणे १० डेसिबलच्या आसपास पुरे.

पट्टी न विचारता ट्रॅक बनवणं

पट्टी म्हणजे गायकाचा 'सा' हार्मोनियमच्या कोणत्या पट्टीवर धरायचा ते. ट्रॅक काळी चारमध्ये तयार, गायकाचा गळा काळी एकचा. मग सगळं गाणं कॉम्प्युटरनं खाली ओढतात आणि ढोलकी चिखलात पडल्यासारखी वाजते. आधी गायकाला हार्मोनियमवर बसवा, वरचा स्वर सहज लागतोय ते पाहा आणि मग प्रोग्रामिंग करा. सूर दुरुस्त करणाऱ्या ऑटोट्यूनला योग्य पट्टी दिली नाही तर ते बरोबर लागलेला स्वरही शेजारच्या स्वरावर ढकलतं. त्याचा वेग कमी ठेवा, नाहीतर मींड आणि हरकती सपाट होतात. भजनी मंडळात तयार झालेल्या गळ्याचं खरं धन तेच आहे.

फक्त हेडफोनवर मिक्स करणं (सगळे आवाज जुळवून एक करणं)

आपलं गाणं ऐकलं जातं मोबाईलवर, ट्रॅक्टरवर, काळीपिवळीत आणि वरातीच्या डीजेवर. मोबाईलच्या स्पीकरमध्ये अगदी खालचे स्वर येतच नाहीत, म्हणून बेसमध्ये थोडा वरचा खरखरीत रंग मिसळा, तरच तो ऐकू येतो. डीजेवाले बऱ्याचदा दोन्ही बाजू एकत्र करून मोनो वाजवतात. आवाज रुंद करणारं प्लगइन गाण्यावर जास्त लावलं असेल तर तिथे शब्दच नाहीसे होतात. मिक्स मोनो करून एकदा ऐका. मी शेवटची तपासणी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर, इंजिन चालू ठेवून करतो. तिथे शब्द कळले तर गाणं झालं.

मास्टरिंगमध्ये, म्हणजे मिक्सनंतरच्या शेवटच्या कामात, आवाज उगाच फुगवू नका. स्पॉटिफाय गाण्यांची पातळी साधारण उणे १४ एलयूएफएसवर (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आणून वाजवतं. तुम्ही चिरडून मोठं केलेलं गाणं तिथे खाली येतं, चिरडलेपण मात्र तसंच राहतं. व्हॉट्सअॅपवर फाइल पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ती दाबली जाते.

लूप, दावे आणि तारखा

विकत घेतलेला लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायचा तयार तुकडा, हजारो लोक वापरतात. त्यातल्या कोणीतरी आपलं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (सारखं संगीत आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत) टाकलं की दावा तुमच्यावर येतो. घाबरून व्हिडिओ काढू नका. लूपची पावती आणि परवाना दाखवून हरकत नोंदवा. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. स्वतःची हलगी, स्वतःची ढोलकी रेकॉर्ड केली तर हा प्रश्न बराच कमी होतो. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांच्या हंगामात वाजवणारे उत्तम वादक आहेत, हंगाम संपला की त्यांना बोलवा.

१४ एप्रिलचं गाणं १३ तारखेला टाकणाऱ्यांचं मला फार वाईट वाटतं, कारण काम चांगलं असतं आणि ते कोणापर्यंत पोचत नाही. वितरकाकडून, म्हणजे गाणं सगळ्या अॅप्सवर पोचवणाऱ्याकडून, ते सगळीकडे पोचायला वेळ लागतो. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर ते प्रसिद्ध होण्याच्या किमान सात दिवस आधी सुचवावं लागतं. डीजेवाल्यांच्या पेनड्राइव्ह तर त्याही आधी भरलेल्या असतात. तीन-चार आठवडे हातात ठेवा. पोळ्याचं गाणं मी आखाडीलाच (आषाढी पौर्णिमेला) पूर्ण करतो, मधला दीड महिना कागद, वितरक आणि डीजेवाल्यांकडे फेऱ्या यातच जातो.