स्वल्पविरामाआधी वाक्य ओळखा

इंग्रजी व्याकरण पहिल्यापासून पक्के करू पाहणाऱ्या बहुतेकांना शब्दांच्या जाती आणि काळांची कोष्टके माहीत असतात. अडचण येते ती सलग परिच्छेद लिहिताना. माझेही घोडे तिथेच अडले होते आणि अजूनही घाईत लिहिलेला मजकूर तपासताना मी सर्वांत आधी एकच गोष्ट पाहतो, ती म्हणजे दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडली गेली आहेत का.

‘इट वॉज लेट, वुई लेफ्ट’ हे मराठी कानाला मुळीच खटकत नाही, कारण ‘उशीर झाला होता, आम्ही निघालो’ असे आपण सर्रास लिहितो. इंग्रजीत मात्र दोन्ही भागांना स्वतःचा कर्ता आणि काळ दाखवणारे क्रियापद असल्यामुळे ती दोन स्वतंत्र वाक्ये ठरतात आणि त्यांना जोडणे एकट्या स्वल्पविरामाला जमत नाही. या दोषाला कॉमा स्प्लाइस म्हणतात. मध्ये पूर्णविराम द्यावा, अर्धविराम द्यावा, स्वल्पविरामानंतर ‘सो’ घालावे किंवा आरंभी ‘बिकॉज’ लावून पहिला भाग गौण करावा. चारही वाटा बरोबर आहेत.

खरा चकवा पुढेच आहे. ‘बट’ने वाक्ये जोडता येतात, मग अर्थाने जवळच्या ‘हाउएव्हर’नेही येतील असे वाटते, पण ‘बट’ हे उभयान्वयी अव्यय आहे आणि ‘हाउएव्हर’ हे क्रियाविशेषण. शंका आल्यास तो शब्द जागेवरून हलवून पाहावा. ‘द टेस्ट वॉज हार्ड’ यानंतर ‘आय, हाउएव्हर, पास्ड’ असे लिहिता येते. ‘आय, बट, पास्ड’ असे कोणीही लिहीत नाही. जो शब्द असा वाक्याच्या आत सरकू शकतो, तो दोन वाक्यांच्या मध्ये आला तर त्याच्याआधी अर्धविराम किंवा पूर्णविराम हवाच. ‘देअरफोर’, ‘मोअरओव्हर’ आणि ‘नेव्हरदलेस’ यांचेही तसेच आहे.

‘जिथे श्वास घ्याल तिथे स्वल्पविराम द्या’ असे सांगणाऱ्या मार्गदर्शकापासून चार हात दूर राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण याच सल्ल्यामुळे लांबलचक कर्ता आणि त्याचे क्रियापद यांच्यामध्येही चिन्ह घुसते. दुरुस्ती सुचवणारी सॉफ्टवेअर वाईट नाहीत, परंतु सूचना पाहण्याआधी प्रत्येक वाक्यातील क्रियापद स्वतः अधोरेखित केले नाही, तर मजकूर तेवढा सुधारतो आणि लिहिणारा होता तिथेच राहतो.

तरीही धास्ती घेण्याचे कारण नाही. ज्युलियस सीझरच्या प्रसिद्ध उद्गाराचे ‘आय केम, आय सॉ, आय कॉन्कर्ड’ हे इंग्रजी रूप स्वल्पविरामांवरच उभे आहे, कारण अगदी छोट्या आणि एकसारख्या घडणीच्या वाक्यांना तेवढी सूट मिळते. नोकरीच्या अर्जात किंवा परीक्षेत मात्र ती घेऊ नये.

बाकीचे तुलनेने लवकर सुटते. मालकी दाखवणाऱ्या ‘इट्स’मध्ये अ‍ॅपॉस्ट्रॉफी नसते, ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ यांच्या संक्षेपात असते. अवतरणाच्या शेवटी येणारा स्वल्पविराम अमेरिकी पद्धतीत अवतरणचिन्हाच्या आत जातो, तर ब्रिटिश पद्धतीत तो अर्थानुसार आत किंवा बाहेर राहतो. यांपैकी कोणतीही पद्धत घ्यावी, मात्र एका लेखनात दोन्हींची सरमिसळ करू नये.