पद्मिनीच्या गिअरबॉक्समधून ऑइल गळतंय? आधी हे बघा, मग सील आणा

जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी आहे म्हणजे खाली टिपके पडणारच, असं म्हणून बरेच जण सोडून देतात. पण गिअरबॉक्सचं ऑइल कमी झालं तर डॅशबोर्डवर कुठला दिवा लागत नाही, थेट आवाज यायला लागतो आणि तोवर आतल्या बेअरिंगची वाट लागलेली असते. शिवाय सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर डाग पडले की सेक्रेटरी आहेतच.

आता गळती कुठून आहे ते शोधायचं, आणि निम्मं काम खरं तर हेच आहे. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा टाका, सकाळी डाग बोटाला लावून वास घ्या. गिअर ऑइल घट्ट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो, इंजिन ऑइलला तसा येत नाही. पावसाळ्यात नुसतं पाणीही ठिबकतं, उगाच घाबरू नका.

मग गाडी सपाट जागेवर जॅकने उचला, जॅक स्टँड लावा, चाकांना विटा लावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली अजिबात शिरायचं नाही, पाचच मिनिटांचं काम आहे म्हणून पण नाही. गिअरबॉक्स डिझेल आणि ब्रशने धुवा, कोरडा करा आणि वरून टाल्कम पावडर मारा. एक चक्कर मारून आलात की पांढऱ्या पावडरवर ऑइलचा ओघळ स्पष्ट दिसतो. तो जिथे सगळ्यात वर सुरू होतो तिथेच गळती, कारण ऑइल खाली आणि वाऱ्याने मागे पसरतं, त्यामुळे टिपका पडतो ती जागा बहुतेक वेळा चुकीची असते.

ड्रेन प्लगपाशी ओलं असेल तर वायसर बदला, काम झालं. पण खालचा प्लग खोलायच्या आधी वरचा भरायचा प्लग सुटतोय ना ते बघा, नाहीतर ऑइल काढून बसाल आणि परत भरता येणार नाही. घट्ट करताना जोर लावू नका, आटे गेले तर भलतंच काम वाढतं. ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर जायची छोटी वाट, असेल तर तोही साफ करा, तो मातीने बंद झाला की आत प्रेशर होऊन चांगल्या सीलमधूनसुद्धा ऑइल बाहेर येतं.

कव्हरचं गॅस्केट, म्हणजे कव्हरखाली गळती अडवणारा कागदी थर, गेलं असेल तर तयार मिळेलच असं नाही, गॅस्केट पेपर आणून घरीच बनवा. पेपर कव्हरवर धरायचा आणि गोल तोंडाच्या हातोडीने कडेकडेने हलके टकटक ठोकत जायचं, कडेवर पेपर आपोआप कापला जातो. जुनं गॅस्केट खरवडताना मात्र पत्र्यावर ओरखडे पाडू नका.

मागचं सील, म्हणजे शाफ्टभोवतीची ऑइल अडवणारी रबरी रिंग, गेलं असेल तर प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) सोडवावा लागतो, तेव्हा परत जोडताना कळावं म्हणून खडूने खूण करून ठेवा. जुनं सील फेकू नका! 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत मुंबईत पद्मिनी टॅक्सी होत्या, आता पार्ट शोधावे लागतात. पण सीलवर माप छापलेलं असतं, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. मुंबईत ऑपेरा हाऊसला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला पार्टच्या दुकानात सँपल दाखवायचं, गाडीचं नाव सांगायचीही गरज नाही. सीलची स्प्रिंगवाली बाजू ऑइलकडे, ओठाला, म्हणजे शाफ्टला घासणाऱ्या रबरी कडेला, थोडं ऑइल लावायचं आणि मोठ्या सॉकेटने सरळ ठोकायचं. शाफ्टवर नख अडकेल इतकी खाच पडली असेल तर सील दोनेक मिलिमीटर पुढे-मागे बसवा, म्हणजे ओठ चांगल्या जागी घासतो.

बेल हाऊसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं, क्लचवरचं आवरण) खालच्या भोकातून गिअर ऑइल येत असेल तर हट्ट सोडा, गिअरबॉक्स उतरवायला लागतो, ते एकट्याचं काम नाही. फार दिवस तसंच चालवू नका, क्लच प्लेट ऑइलने भिजली की ती पण गेली.

शेवटी ऑइल: ईपी 90, पण डब्यावर जीएल-4 लिहिलेलं घ्या, जीएल-5 मधली काही ॲडिटिव्ह गिअर सहज पडावा म्हणून आत असलेल्या जुन्या पितळी सिंक्रो रिंगला मानवत नाहीत. गाडी सपाट ठेवून भरायच्या प्लगच्या भोकातून ओसंडेपर्यंत भरा. काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, कॅनमध्ये भरून जवळच्या गॅरेजला द्या, त्यांच्याकडे जुन्या ऑइलचा ड्रम असतो.