अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा अभ्यास कुठून सुरू करावा

लढायांपासून सुरुवात करू नका. गेटिसबर्ग नंतर येऊ द्या. मी इतिहास शिकवते आणि मुलांच्या हातात आधी देते ती दक्षिणेतल्या राज्यांची, फुटून निघताना त्यांनीच काढलेली जाहीर पत्रकं. मिसिसिपीचं पत्रक सुरुवातीलाच स्पष्ट सांगतं की, आमची भूमिका गुलामगिरीच्या व्यवस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे.

तरी कुणीतरी म्हणतंच, ‘‘भांडण राज्यांच्या हक्कांचं होतं.’’ मग १८५०चा पळून गेलेल्या गुलामांविषयीचा कायदा काढा आणि सावकाश वाचा. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नव्हती, ज्यूरी नव्हती. त्याला मालकाच्या ताब्यात दिलं तर निकाल देणाऱ्या आयुक्ताला १० डॉलर, सोडून दिलं तर ५. कारण दिलं जाई कागदपत्रांच्या जास्तीच्या कामाचं! कितीही वेळा वाचलं तरी या कलमाचा संताप येतो. १८५४मध्ये उत्तरेतल्या बॉस्टनमध्ये अँथनी बर्न्स या पळून आलेल्या गुलामाला सैनिकांच्या पहाऱ्यात भर रस्त्यातून जहाजाकडे नेलं, तेव्हा हजारो लोक दुतर्फा उभे होते. गुलामगिरी ही लांबची गोष्ट आहे असं मानणाऱ्यांच्या ती दारात आली. उत्तरेतल्या काही राज्यांनी या कामात मदत करायला नकार देणारे कायदे केले, तर साउथ कॅरोलायनाने फुटताना नेमकी त्याचीच तक्रार केली. म्हणजे राज्याचा हक्क उत्तरेने बजावला की दक्षिणेला तो चालत नव्हता.

आता नकाशा घ्या. १८२०च्या तडजोडीची ३६ अंश ३० मिनिटांची रेषा आखा; पश्चिमेकडच्या नव्या प्रदेशांत या अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी होती. १८५४च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने ती पुसली, आणि कॅन्ससमध्ये दोन्ही बाजूंचे लोक शस्त्रं घेऊन उतरले. नव्या जमिनीसाठी एवढा जीव का काढायचा? प्रत्येक नव्या राज्यामागे सिनेटमध्ये दोन मतं वाढत होती, म्हणून. ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढलेल्या खटल्यात १८५७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, अजून राज्य न झालेल्या या प्रदेशांत गुलामगिरीला बंदी घालण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, नाहीच. तडजोडीला जागा उरली नाही.

सोबत दोन आकडे लिहून ठेवा: १८६०मध्ये जवळपास ४० लाख माणसं गुलाम होती, आणि देशाच्या निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा एकट्या कापसाचा होता. लिंकन आहे तिथल्या गुलामगिरीला हात लावणार नव्हते, फक्त तिचा प्रसार रोखणार होते. तेवढंही दक्षिणेला सोसवलं नाही. ते निवडून आले आणि २० डिसेंबर १८६०ला साउथ कॅरोलायना बाहेर पडलं. १२ एप्रिल १८६१ला तिथल्या फोर्ट समटर या केंद्र सरकारच्या किल्ल्यावर दक्षिणेने तोफा डागल्या आणि युद्ध सुरू झालं.

शेवटी, कुणाचंही मत वाचाल तेव्हा त्याखालची तारीख बघा. फुटून निघालेल्या दक्षिणेच्या नव्या सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स मार्च १८६१मध्ये गुलामगिरीला नव्या सरकारची कोनशिला म्हणाले होते. हरल्यानंतर त्याच स्टीव्हन्सनी दोन खंड लिहून वाद राज्यघटनेचा होता असं मांडलं.