पिस्तुलावर रेड डॉट बसवताना: प्लेट, स्क्रू आणि झीरो

रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट, घेण्याआधी कुठल्या स्पर्धेत उतरायचं ते पक्कं करा. आयएसएसएफच्या (ऑलिंपिक नेमबाजीच्या जागतिक संघटनेच्या) पिस्तूल प्रकारांत, म्हणजे १० मीटर एअर पिस्तूल असो की २५ मीटर, फक्त उघडी साइट (मागची खाच आणि पुढचं टोक) चालते. तिथे रेड डॉट नेला तर उपकरण तपासणीतच पिस्तूल बाजूला ठेवतील. आयपीएससीत, म्हणजे वेगाच्या ‘प्रॅक्टिकल’ नेमबाजीच्या स्पर्धांत, मात्र ‘प्रॉडक्शन ऑप्टिक्स’ हा स्वतंत्र गट आहे. बाकी सरावासाठी किंवा मागची साइट धूसर दिसायला लागलेल्या चाळिशीपुढच्या डोळ्यांसाठी डॉट उत्तमच.

पिस्तुलावर काय आहे ते बघा. एअर पिस्तुलावर बहुधा ११ मिमीची डव्हटेल (तिरक्या कडांची खाच) असते, .२२ च्या बऱ्याच टार्गेट पिस्तुलांवर पिकाटिनी रेल (आडव्या खाचांची पट्टी) आणि सेंटरफायरवर, म्हणजे मोठ्या काडतुसाच्या पिस्तुलावर, डॉटसाठी वरून कापलेली स्लाइड (मागेपुढे सरकणारा वरचा भाग) व तिच्यावर बसणारी प्लेट. डव्हटेलचा माउंट पिकाटिनीवर बसत नाही, ओढूनताणून बसवला तर रेलची धार खाल्ली जाते. प्लेटचंही तसंच: डॉटचा फूटप्रिंट (स्क्रूच्या भोकांची आणि तळाची मांडणी) आणि प्लेटचा फूटप्रिंट एकच हवा. ‘जवळपास बसतंय’ ही भाषा इथे चालत नाही. स्लाइड मुळात कापलेलीच नसेल, तर वाळूज एमआयडीसीत ओळखीच्या वर्कशॉपमध्ये व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) आहे म्हणून ती तिथे देऊ नका. ते काम परवानाधारक आर्मररचंच (शस्त्र दुरुस्त करणाऱ्याचंच). दुसऱ्या कुणी केलं तर दोघंही शस्त्र कायद्याच्या कचाट्यात सापडतात.

डॉट किती मोठा घ्यायचा? डॉटचा आकार एमओएत, म्हणजे कोनाच्या मिनिटांत मोजतात. १ एमओए म्हणजे १० मीटरवर २.९ मिमी, २५ मीटरवर ७.३ मिमी. ६ एमओएचा डॉट २५ मीटरवर ४४ मिमी जागा झाकतो आणि प्रिसिजन टार्गेटचा दहाचा गोलच ५० मिमीचा. निवांत नेमबाजीला २-३ एमओए बरा, वेगाच्या नेमबाजीला मोठा. डॉट गोल न दिसता फुटलेल्या चांदणीसारखा दिसला, तर दुकानदाराशी भांडण्याआधी मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघा. कॅमेऱ्यात गोल दिसला तर दोष तुमच्या डोळ्यातल्या अ‍ॅस्टिगमॅटिझमचा.

आता बसवणं. मॅगझीन काढा, स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी बघा, बोटानेही चाचपा. एअर पिस्तुलात छर्रा राहिलेला नाही ना, तेही तपासा. गोळ्या-छर्रे दुसऱ्या टेबलावर.

बहुतेक डॉट बिघडत नाहीत, त्यांचे स्क्रू ढिले होतात, आणि ढिले होण्याचं मूळ तेलात असतं. कारखान्यातून आलेली प्लेट, स्क्रू, स्लाइडमधली भोकं, सगळं तेलकट असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवलेल्या कापसाच्या काडीने प्रत्येक भोक पुसा, काडी स्वच्छ निघेपर्यंत. अ‍ॅसिटोन लेन्सला आणि प्लास्टिकच्या फ्रेमला लावू नका. सुकू द्या. मग थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) न लावता स्क्रू हाताने एकदा पूर्ण आत घालून बघा. हा टप्पा लोक गाळतात आणि पस्तावतात: काही स्लाइडमध्ये उजवीकडचा स्क्रू जास्त लांब असला तर त्याचं टोक एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामं काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) प्लंजरवर, म्हणजे त्यामागच्या दांडीवर, दाबतं, मग काडतूस नीट निघत नाही, आणि दोष मात्र दारूगोळ्याला दिला जातो. स्क्रू बसल्यावर एक्स्ट्रॅक्टर मोकळा हलतोय का, ते नखाने दाबून पाहा.

सगळं जुळलं की स्क्रूच्या आट्यांवर निळ्या, मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा एक छोटा थेंब. लाल लावाल तर पुढे तापवल्याशिवाय स्क्रू निघायचा नाही. जास्त ओतलात तर तो आत ओघळून प्लंजरलाच चिकटवतो. दोन्ही स्क्रू आलटूनपालटून थोडे थोडे आवळा. डॉटच्या पुस्तिकेत दिलेला टॉर्क शेवटचा शब्द. लहान डॉटसाठी तो साधारण १० ते १५ इंच-पाउंड, म्हणजे १.१ ते १.७ न्यूटन-मीटर असतो. एलन की लांब बाजूने धरून जोर काढला तर स्क्रूचं डोकं तुटतं. त्यापेक्षा टॉर्क स्क्रूड्रायव्हर कुणाकडून मागून आणा. पिकाटिनी माउंट आवळण्याआधी नळीच्या दिशेने पुढे सरकवून खाचेच्या भिंतीला टेकवा. शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून माउंटवर पेंट पेनने एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला हे लगेच कळतं. २४ तास पिस्तूल तसंच ठेवा, झीरो, म्हणजे डॉट आणि गोळी एकाच जागी जुळवणं, दुसऱ्या दिवशी.

झीरोसाठी आधी उघड्या साइट जुळवून डॉट पुढच्या साइटच्या टोकावर आणा. मग रेतीच्या पिशवीवर हात टेकवून १० मीटरवरून पाच-पाच गोळ्यांचे दोन ग्रूप मारा. एका गोळीवर कधी क्लिक (डॉट सरकवणाऱ्या स्क्रूचा एक टप्पा) फिरवू नका. समजा ग्रूपचा मध्य ३५ मिमी डावीकडे आणि २० मिमी खाली पडला. क्लिक १ एमओएची असेल तर १२ क्लिक उजवीकडे, ७ वर. त्या स्क्रूवरचा बाण गोळी कुठे जाईल ते दाखवतो. डॉट मात्र काचेत उलट्या बाजूला सरकतो. नवखे इथेच हमखास चकतात. डॉट नळीपेक्षा उंच बसतो, म्हणून १० मीटरवर झीरो केलेलं एअर पिस्तूल ५ मीटरवर सेंटीमीटरभर खाली मारेल. तो दोष नव्हे, क्लिक फिरवत बसू नका.

आपल्याकडच्या मे महिन्यात उघड्या रेंजवर डॉट उन्हात विरून जातो, म्हणून ब्राइटनेस वाढवावा लागतो. तोच डॉट हॉलमध्ये पसरट, मोठा दिसतो. लक्ष्यावर जेमतेम स्पष्ट दिसेल इतकाच ठेवा. परभणी-नांदेडच्या दुपारी बंद गाडीत पिस्तुलाची पेटी सोडू नका. नाणेवजा बॅटरीला ती भट्टी झेपत नाही. लेन्सवरची धूळ आधी मऊ ब्रशने झाडा, मग पुसा. रुमालाने थेट घासलं तर कोटिंगवर चरे पडतात. बॅटरी खालून घालायचा डॉट असेल तर ती बदलताना तो काढावाच लागतो. मग पुन्हा सफाई, थ्रेडलॉकर, टॉर्क, आणि नवा झीरो. स्पर्धेच्या आदल्या रात्री हे काम काढू नका.