थायलंडचा समुद्रकिनारा कसा निवडावा: आधी महिना, मग बाजू, नाव सगळ्यात शेवटी

थायलंडला जायचं ठरलं की पहिला वाद होतो तो 'फुकेत की क्राबी' असा. हा वाद तसा निरर्थक आहे, कारण दोन्ही एकाच समुद्रावर आहेत. फुकेतला पाऊस झोडपत असेल तेव्हा क्राबीही बहुधा भिजतच असतं. खरी निवड दोन बाजूंमधली असते. दक्षिणेकडच्या चिंचोळ्या पट्ट्याच्या पश्चिमेला अंदमान समुद्र आहे आणि पूर्वेला थायलंडचं आखात. पहिल्या बाजूला फुकेत, खाओ लाक, क्राबी, फी फी, को लांता ('को' म्हणजे बेट). दुसऱ्या बाजूला को समुई, को फांगान, को ताओ.

१. सुट्टी कधी आहे ते आधी बघा

नैर्ऋत्य मोसमी वारे साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अंदमानच्या बाजूला आदळतात. मधल्या डोंगररांगा बराचसा पाऊस अडवतात, म्हणून त्याच काळात समुईकडे तुलनेने कोरडं असतं. नंतर वारा फिरतो. ईशान्येकडून येताना तो आखातावरची वाफ उचलतो आणि ऑक्टोबर ते डिसेंबर समुईच्या बाजूला ओततो. त्यातही नोव्हेंबर सगळ्यात वाईट. अंदमानला मात्र तोच वारा कोरडा पडतो.

म्हणजे हिशेब असा: डिसेंबर ते मार्च फुकेत-क्राबी-लांता, जुलै-ऑगस्ट समुई-ताओ. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन्ही बाजू चांगल्या असतात. मे महिन्याची सुट्टी असेल तर आखाताकडे झुकतं माप द्या. अडचण होते दिवाळीची. ती ऑक्टोबरमध्ये आली तर अंदमानचा पाऊस पुरता गेलेला नसतो आणि समुईचा सुरू होत असतो. दिवाळी नोव्हेंबरात असेल तर माझं मत सरळ अंदमानच्या बाजूने. ऑक्टोबरात असेल तर खोली अशी घ्या की जी रद्द करता येईल.

२. नकाशावर 'आखात' दिसलं म्हणून फसू नका

को चांगही आखातातच आहे, पण पार पूर्वेला, कंबोडियाच्या सीमेजवळ. त्याला नैर्ऋत्येचा पाऊस थेट लागतो, त्यामुळे समुईचा नियम तिथे उलटा होतो: मे ते ऑक्टोबर ओलं, नोव्हेंबरपासून उत्तम. बँकॉकला जोडून दोन-तीन दिवसच मिळणार असतील तर दक्षिणेकडे जाण्याचा अट्टहास नको. रयोंगजवळचं को समेत रस्त्याने आणि छोट्या बोटीने गाठता येतं, पाऊसही तिथे कमी असतो. पटाया अजून जवळ आहे, पण स्वच्छ पाण्यासाठी मी कुणाला पटाया सुचवणार नाही.

३. भरती-ओहोटी तपासा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात आणि मग 'फोटोत पाणी होतं, इथे नुसते खडक' म्हणत बसतात. अंदमानच्या बाजूला उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीतला फरक दोन मीटरहून जास्त असतो. पाणी मागे सरलं की काही किनाऱ्यांवर पोहायला काही उरतच नाही.

क्राबीजवळचं रायले हे याचं चांगलं उदाहरण. चुनखडीच्या कड्यांमुळे तिथे रस्ता पोचत नाही, बोटीनेच जावं लागतं. पश्चिमेचा किनारा पांढऱ्या वाळूचा आहे, तर चालत काही मिनिटांवर असलेला पूर्वेचा किनारा म्हणजे खारफुटी आणि चिखल. हॉटेलच्या नावात फक्त 'रायले' असेल तर ते कुठल्या बाजूला आहे हे नकाशावर पाहूनच पैसे भरा. क्राबीच्याच आओ नांग किनाऱ्यावरून येणारी लाँगटेल (लांबट लाकडी) बोट पश्चिमेला वाळूवरच लागते. गुडघाभर पाण्यात उतरायचं, चाकांची मोठी बॅग डोक्यावर घ्यायची. ओहोटीला हे अंतर आणखी वाढतं.

याउलट क्राबीजवळचा थाले वाएक हा वाळूचा बांध ओहोटीलाच वर येतो, तेव्हा सहल ओहोटीची वेळ बघूनच घ्यावी. तुम्ही जाणार त्या गावाचा टाइड चार्ट, म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळांचा तक्ता, इंटरनेटवर मिळतो. तो नसेल तर घरातलं कॅलेंडरही पुरे: अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी. पौर्णिमेला को फांगानच्या हाद रिनवर रात्रभर पार्टी असते. शांतता हवी असेल तर ते दिवस टाळा.

४. आता नाव निवडा

लहान मुलं सोबत असतील तर लांताचा ख्लाँग दाओ, उतार अगदी हळू. गर्दी आणि रात्रीचा धिंगाणा हवा तर पातोंग. नको असेल तर फुकेतमध्येच काता किंवा नाय हार्न. स्कूबा शिकायचं असेल तर को ताओ. सिमिलान बेटांसाठी तारखा पाळाव्याच लागतात, कारण ती साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतात. फी फीजवळचा माया बे हा किनारा 2018 मध्ये बंद करून 2022 मध्ये पुन्हा उघडला, पण आता तिथे पोहू देत नाहीत आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तो बंद ठेवतात. नुसतं पाहायला जायचं की नाही, हे तुम्ही ठरवा.

५. पोचण्याचा खर्च धरा

समुईचा विमानतळ खासगी असल्याने तिथली तिकिटं महाग पडतात. मुख्य भूमीवरच्या सुरात थानीला उतरून बस आणि डॉन साक बंदरातून फेरीबोट घेतली तर पैसे वाचतात, पण अर्धा दिवस जातो. फुकेतहून समुईला रस्ता आणि फेरीने जायला जवळजवळ अख्खा दिवस लागतो, म्हणून आठवड्याभराच्या सहलीत दोन्ही बाजू कोंबू नका.

६. पाण्यात उतरण्यापूर्वी

लाल बावटा असेल तर पाण्यात जायचं नाही, मग समोर दहा जण पोहत असले तरी. पावसाळ्यात फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यांवर आत ओढणारे प्रवाह असतात. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर या.

राष्ट्रीय उद्यानांत प्रवाळांना घातक अशी चार रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर 2021 पासून बंदी आहे. दंड एक लाख बाथपर्यंत. डबीवर ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनॉक्सेट लिहिलेलं असेल तर ती घरीच ठेवा.

समुई-फांगानच्या पाण्यात बॉक्स जेलीफिश आढळतात, त्यामुळे काही किनाऱ्यांवर खांबाला व्हिनेगरची बाटली लावलेली असते. दंश झाला तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. व्हिनेगर ओता आणि 1669 या आपत्कालीन वैद्यकीय मदतीच्या क्रमांकावर फोन करा.