डांग्या खोकला: उबळीची वाट पाहू नका

करोनाच्या साथीत मास्क आणि बंद शाळांमुळे डांग्या खोकल्याचे जंतूही फारसे फिरले नाहीत, आणि त्याच काळात लाखो बाळांचे डोस राहून गेले. डांग्या खोकल्याच्या लसीचे तिन्ही डोस पूर्ण झालेल्या बाळांचं जगभरातलं प्रमाण २०१९ मध्ये ८६ टक्के होतं, ते २०२१ मध्ये ८१ टक्क्यांवर घसरलं. मग सगळं खुलं झालं आणि खोकला परतला. इंग्लंडमध्ये २०२३ साली हजाराच्याही आत असलेले रुग्ण २०२४ साली १४ हजारांवर गेले. अकरा तान्ही बाळं दगावली.

हा आजार हुकतो तो पहिल्या एक-दोन आठवड्यांत. नाक गळतं, शिंका येतात, जरा खोकला, ताप नसल्यासारखाच. साधी सर्दीच वाटते. पण सर्दीचा खोकला हळूहळू उतरतो, हा चढत जातो. आठवडा झाला, नाक कोरडं झालं, तरी खोकला वाढतोय आणि रात्री जास्त येतोय, तर तिथेच संशय घ्या. लसीकरणाचं कार्ड काढा, डोस पाहा. घरात कुणी मोठं माणूस दोन-तीन आठवडे खोकतंय का, तेही आठवा. लसीचं संरक्षण काही वर्षांनी ओसरतं, त्यामुळे बाळाला हा आजार बहुतेक वेळा घरातूनच मिळतो.

खरी उबळ एकदा पाहिली की विसरत नाही. एकाच श्वासात दहा-पंधरा ठसके, मध्ये श्वास घ्यायला फटच नाही. चेहरा लाल होतो, जीभ बाहेर येते, डोळ्यांतून पाणी. शेवटी हवा आत ओढताना ‘हूऽऽप’ असा लांब आवाज, मग चिकट तार सुटणारा कफ आणि बरेचदा उलटी. पाच मिनिटांनी तेच मूल खेळायला लागतं! डॉक्टरांसमोर नेमकी उबळ येत नाही आणि छाती तपासली तर स्वच्छ असते. म्हणून मोबाइलवर उबळीचा व्हिडिओ काढून न्या. दिवस-रात्रीत उबळी किती, किती वेळा उलटी झाली, चेहरा निळा पडला का, हे कागदावर लिहून न्या.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची गोष्ट वेगळी. त्याला ‘हूप’ काढण्याइतकी ताकदच नसते. खोकला अगदी किरकोळ असतो, कधी नसतोही, आणि श्वासच थांबतो. बाळ निळसर किंवा पांढरं पडून ढिलं होतं. असं एकदा जरी झालं तरी थेट हॉस्पिटल गाठा. श्वास थांबलेला दिसला तर पाठ चोळा, तळपायावर टिचक्या मारा. तरीही सुरू होत नसेल तर बाळाचं तोंड आणि नाक दोन्ही आपल्या तोंडाने झाकून छाती जरा उचलेल इतकीच हलकी फुंकर द्या, आणि दुसऱ्याला रुग्णवाहिका बोलवायला सांगा. मोठ्या मुलातही झटके आले, ओठ निळे पडले, पाणी पोटात ठरेना किंवा आठ तास लघवी झाली नाही, तर थांबू नका.

तपासणीसाठी नाकाच्या मागच्या भागातून स्वॅब घेऊन पीसीआर, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, करतात. पहिल्या तीन आठवड्यांत ती भरवशाची असते, नंतर जंतू सापडेनासे होतात. संशय बळकट असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करतात, आणि तेच योग्य. बहुधा अझिथ्रोमायसिन हे जंतुनाशक (अँटिबायोटिक), पाच दिवस. उबळी सुरू होण्याआधी दिलं तर आजार सौम्य राहतो. उशिरा दिलं तर खोकला कमी होत नाही, फक्त संसर्ग थांबतो. इथेच बरेच पालक ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून कोर्स अर्धवट सोडतात. औषध सुरू केल्यापासून पूर्ण पाच दिवस मूल शाळेत किंवा पाळणाघरात पाठवू नका. औषध घेतलंच नसेल तर खोकला लागल्यापासून २१ दिवस. घरात तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर लक्षणं नसलेल्यांनाही औषध लागतं का, ते विचारा.

घरी फार करण्यासारखं नसतं, पण जे असतं ते नेमकं करा. उबळ आली की मुलाला बसवून पुढे झुकवा, तान्ह्याला कुशीवर घ्या, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. तोंडात बोट घालू नका. उबळ संपून दहा मिनिटं झाली की लगेच थोडं भरवा: पुढची उबळ यायच्या आत पोटात गेलेलं टिकण्याची शक्यता जास्त. धूर, उदबत्ती, सिगारेट पूर्ण बंद. खोकल्याची सिरप इथे काम करत नाहीत, लहानग्यांना ती धोक्याचीच. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको.

डोस चुकला असेल तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिला तिथून पुढे द्यायचा. पहिला डोस सहा आठवड्यांपासून देता येतो, पुढचे किमान चार आठवड्यांच्या अंतराने, आणि दुसऱ्या वर्षी बूस्टर. सहा आठवड्यांपर्यंत बाळाला लसीचं संरक्षण नसतं. त्या काळात आईची लस त्याच्या उपयोगी पडते: प्रत्येक गरोदरपणात, शक्यतो २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान घेतलेली. आणि डांग्या खोकला होऊन गेलेल्या मुलालाही उरलेले डोस द्यायचेच, कारण आजाराने मिळालेली प्रतिकारशक्तीही काही वर्षांनी ओसरते.