यीस्टच्या कळीत पोचणारा आरएनए कसा पाहायचा

पोदेराचा, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याचा, पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये आरएनएची ने-आण फार स्वच्छ दिसते. पेशी विभागताना ॲश-१ जनुकाचा एमआरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याचा निरोप, कळीच्या (मातृपेशीतून फुटणाऱ्या नव्या पेशीच्या) टोकाला जातो. शी-२ हे प्रथिन त्यातल्या चार खुणांना धरतं, शी-३ त्याची मायो-४ या मोटर प्रथिनाशी गाठ घालतं आणि मोटर एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंवरून ओझं ओढत नेते. वाटेत पफ-६ आणि केएचडी-१ ही प्रथिनं भाषांतर, म्हणजे एमआरएनएवरून प्रथिन बनणं, थोपवून धरतात.

दुकानातल्या पाकिटातलं यीस्ट घेऊ नका. तुलनेसाठी प्रयोगशाळेतला साधा वाण आणि त्याचाच शी-२ काढून टाकलेला वाण, असे दोन्ही एकाच दिवशी वाढवा. ओडी (कल्चरच्या गढूळपणाचं माप) ०.२ ते ०.४ झाली की ४५ मिलि कल्चरमध्ये ३७ टक्क्यांचं फॉर्मल्डिहाइड ५ मिलि घाला, फ्यूम हुडखालीच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात). ४५ मिनिटांनी १.२ मोलर सॉर्बिटॉलच्या थंड बफरने तीनदा धुवा.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो पेशीभित्ती काढताना. भित्ती विरघळवणारं झायमोलेझ हे विकर घालून ३० अंशांवर ठेवा आणि १० मिनिटांनंतर दर ५ मिनिटांनी एक थेंब फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. चकाकणाऱ्या पेशी काळसर झाल्या की लगेच थांबवा. घाई केली तर प्रोब (ॲश-१ च्या आरएनएला चिकटून तो दाखवणारा छोटा तुकडा) आत शिरत नाही. उशीर झाला तर पेशी फुटतात, कळ्या तुटतात.

मग पेशी रात्रभर ७० टक्के इथेनॉलमध्ये, ४ अंशांवर ठेवा. दुसऱ्या दिवशी सुमारे २० न्यूक्लिओटाइडचे चमकते प्रोब १० टक्के फॉर्मामाइडमध्ये घालून रात्रभर ३० अंशांवर, अंधारात ठेवा. गोव्याच्या पावसाळ्यात फॉर्मामाइडची थंड बाटली लगेच उघडलीत तर आत दव धरतं. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. हातमोजे वारंवार बदला, कारण बोटांवरचा आरएनेझ हा विकर सगळा आरएनए फस्त करतो.

धुऊन डॅपी हा केंद्रक दाखवणारा रंग लावा आणि १०० पट ऑइल लेन्सखाली मोठी कळी नि विभागणारं केंद्रक असलेल्या पेशीच मोजा. ॲश-१ तेवढ्याच वेळात बनतो, बाकीच्या रिकाम्या दिसल्या तर प्रयोग फसला असं समजू नका. साध्या वाणात ठिपके कळीच्या टोकाशी गोळा झालेले हवेत, शी-२ नसलेल्यात मातृपेशी आणि कळी दोन्हींत विखुरलेले. दोन्हीकडे सारखंच चित्र आलं तर आधी वाणाची पीसीआर या डीएनए चाचणीने खात्री करा, मग प्रोबवर शंका घ्या.